आमच्या शाळेत पाणी साडेसत्त्याण्णवला उकळतं

खडूमास्तर | 9 फेब्रुवारी, रात्री 10:40

गेल्या आठवड्यात बी.एड.ची एक मुलगी आमच्या हायस्कुलात सराव पाठाला आली होती. तिच्याकडं कॉलेजचा एक फॉर्म होता. 'अनुभवी विज्ञान शिक्षकाचे अध्यापन व अध्ययन यांविषयीचे वैयक्तिक विचार', आणि खाली मोकळ्या चार ओळी. म्हटलं ठेवून जा, उद्या देतो. तो उद्या काही उजाडला नाही. चार ओळींत बसेना म्हणून इथं लिहितोय. लांबण लागणार, आधीच सांगतो.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. मराठी माध्यम, एसएसएलसी (म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी), नोकरीला सव्वीस वर्षं झाली. गोष्ट दुसऱ्या वर्षीची. आठवीला पाण्याचा उत्कलन बिंदू होता. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र आणि शाळेतला एकुलता एक थर्मामीटर. पहिल्या बाकावरच्या मुलीला वाचायला उभं केलं. पाणी खळखळायला लागलं आणि ती म्हणाली, "सर, साडेसत्त्याण्णवाच्या म्होरं जाईना की हे."

मी म्हटलं, "नीट बघ. शंभर असतंय."

तिनं परत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग वहीत 100 लिहिलं. वर्गातल्या सगळ्यांनीच 100 लिहिलं. मी सगळ्यांना बरोबरची खूण केली आणि घंटा झाली.

पुढच्या वर्षी तो थर्मामीटर फुटला. नवा आणला, तोही साडेसत्त्याण्णव. बदलून आणला, तिसराही तेच. मग मी तावातावानं बेळगावात दुकानात गेलो. दुकानातले म्हातारे गृहस्थ शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, ह्या गावात शंभर दाखवणारा थर्मामीटर मिळाला तर तो परत घेऊन या. तो बिघडलेला असणार."

मी बी.एस्सी. झालेला माणूस. हवेचा दाब कमी झाला की उत्कलन बिंदू खाली येतो हे परीक्षेत लिहून गुण घेतलेले. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, हेही पाठ. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, म्हणजे अडीच अंश कमी. तोंडी हिशेब. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कपाटांत होत्या. उत्कलन बिंदू प्रयोगशाळेत आणि बेळगाव भूगोलात. त्या पोरीच्या डोक्यात कपाटं नव्हती. तिनं जे दिसलं ते सांगितलं आणि मी तिला ते खोडायला लावलं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, बाकीचं सगळं त्यातून निघतं. पोरानं जे बघितलं ते आधी वहीत उतरलं पाहिजे. पुस्तकात काय आहे ते नंतर, त्याच्या शेजारी.

आता माझ्या वर्गात प्रयोगाआधी प्रत्येकानं अंदाज लिहायचा असतो. पेनानं. पेन्सिलीला बंदी, कारण पेन्सिल म्हटली की प्रयोगानंतर खोडरबर निघतंच. चुकलेल्या अंदाजावर मी लाल रेघ मारत नाही, नुसती तारीख घालतो. मग प्रयोग, मग भांडण. भांडणाला मी वेळ देतो. आमच्या मुख्याध्यापकांना तो गोंधळ वाटतो आणि बाहेरून ऐकलं तर आहेच तो.

दुसरी गोष्ट उसाची. आमच्याकडं पोराला विचारा, ऊस एवढा मोठा कशानं होतो? "खतानं." आणि उसाचं खाणं कुठनं येतं? "मातीतनं." प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या त्याला पाठ असते, समीकरण पाठ असतं, आणि तरी हे उत्तर. कारण घरी बाबा युरियाचं पोतं फोडताना म्हणतो, "उसाला खायला घालून येतो." बारा वर्षं ऐकलेलं वाक्य माझ्या चाळीस मिनिटांच्या तासानं कसं पुसलं जाईल? आणि पुसायचं तरी कशाला, त्यात अर्धं खरं आहेच.

एक वर्ष मी दोन तास काहीच शिकवलं नाही. नुसतं विचारलं, गुऱ्हाळावर काईलीखाली चिपाडं जाळतात, एक गाडीभर चिपाड जाळलं तर राख किती राहते? गुऱ्हाळावरचा एक पोरगा म्हणाला, "दोन घमेली." मग गाडीभरातलं बाकीचं कुठं गेलं? धुरात. वर गेलं. तर मग ते मुळात आलं कुठनं? वर्ग गप्प. मागच्या बाकावरनं एक आवाज, अगदी शंका काढल्यासारखा: "वरनंच आलं असंल काय सर?"

त्या दिवशी मी व्हॅन हेल्मॉन्ट या जुन्या काळच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यानं कुंडीत सुमारे 90 किलो कोरडी माती घेऊन सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सत्त्याहत्तर किलोच्या आसपास भरलं. माती कमी झाली जेमतेम साठ ग्रॅम. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. चूक! हवेकडं त्याचं लक्षच गेलं नाही. ही चूक पोरांना फार आवडते. एवढा मोठा माणूस चुकला म्हटल्यावर त्यांच्या माना ताठ होतात.

मग मी सांगतो की हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड फक्त चार भाग असतो. तेव्हा ती माझ्यावर हसतात. एवढ्याशा वायूतनं उसाचा फड? हसू देत. व्याख्या घोकणाऱ्याला हे कधी हास्यास्पद वाटतच नाही, म्हणजे त्याला ते कळलेलंच नसतं.

असो. फॉर्मच्या चार ओळी अजून कोऱ्याच आहेत. इथं शिक्षक, पालक, शिकलेले, शाळा सोडलेले सगळे आहेत. बोला.

ता.क. ती पहिल्या बाकावरची मुलगी चार वर्षांपूर्वी बेळगाव स्टँडवर भेटली. कडेवर पोर होतं. मी थर्मामीटरची गोष्ट काढून माफी मागितली. तिला काहीच आठवत नव्हतं. "मी असं म्हणाले होते? मला आपलं तुमची पट्टी आठवतेय, सर."

---

वाचनमात्र | 9 फेब्रुवारी, रात्री 11:15

दंडवत. पट्टीचा शेवट वाचून हसलो आणि मग हसू आटलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

पुणेकर_मूळचा_टिळकवाडी | 10 फेब्रुवारी, सकाळी 7:50

मास्तर, लेख झकास. पण व्यवहाराचं बोलू. एसएसएलसीच्या पेपरात तुमच्या पोरानं 97.5 लिहिलं तर तपासणारा काय करणार? तो धारवाडला बसलेला असो की विजापूरला, त्याच्या हातातल्या नमुना उत्तरांत 100 आहे. तुमच्या तत्त्वापायी पोराचा गुण जायचा. मी स्वतः इंजिनियर आहे, घोकून झालोय आणि माझं काही अडलं नाही.

---

खडूमास्तर | 10 फेब्रुवारी, सायंकाळी 6:20

रास्त आहे. वहीत दोन ओळी असतात. वर 'मी बघितलं', खाली 'पुस्तक म्हणतं', आणि दोन्हींत फरक असेल तर का, ते शेजारी. पेपरात खालची ओळ लिहायची, हे स्पष्ट सांगतो. लेखी 80 गुणांत मी क्रांती करायला जात नाही. अंतर्गत 20 माझ्या हातात आहेत, तिथं वरच्या ओळीला किंमत देतो.

एकदा एका मुलानं पेपरात 'समुद्रसपाटीला 100, आमच्या शाळेत 97.5' असं लिहिलं होतं. गुण मिळाला की नाही माहीत नाही. तो मात्र पास झाला.

तुमचं काही अडलं नाही हे वाचून बरं वाटलं. माझंही सव्वीस वर्षांत अडलं नसतं. तो दुकानदार भेटला नसता तर.

---

शेंगाचटणी | 10 फेब्रुवारी, रात्री 9:05

म्हणजे आमच्या सासूबाई खरं बोलत होत्या! माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्न होऊन बेळगावातल्या शहापूरला आले तेव्हा उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजेना. मी म्हणायचे इथली डाळच जून आहे. सासूबाई म्हणायच्या, "डाळीला काय झालंय, इथलं पाणीच थंडं उकळतंय." मी मनात हसायचे, उकळलेलं पाणी थंड कसं असेल. एकवीस वर्षांनी कळलं, ते पण फुकट. सासूबाई चौथी पास.

आता कुकर आहे म्हणून सुटले.

---

खडूमास्तर | 10 फेब्रुवारी, रात्री 9:30

शेंगाचटणी ताई, 'थंडं उकळतंय'! उद्या वर्गात हेच वाक्य फळ्यावर लिहिणार. सासूबाईंना नमस्कार सांगा. कुकर म्हणजे तेच उलट बाजूनं: आत दाब वाढवायचा, की पाणी 120 अंशांच्या आसपास गेलं तरी उकळत नाही आणि डाळ लवकर शिजते.

---

ऊसकरी | 11 फेब्रुवारी, सकाळी 6:10

मास्तर, अथणी भागातला शेतकरी आहे, बी.एस्सी. ॲग्री. उसाचं उदाहरण पटलं, पण एक दुरुस्ती. राख म्हणजेच मातीतनं आलेलं सगळं, असं पोरांच्या डोक्यात बसू देऊ नका. नत्र मातीतनं येतं, युरियात ते 46 टक्के असतं, पण जाळल्यावर ते राखेत राहत नाही, उडून जातं. राखेत पालाश, चुना, सिलिका असलं राहतं. म्हणजे धुरातलं सगळंच काही 'वरनं' आलेलं नव्हे. वजनानं बघितलं तर नत्र थोडंच असतं, म्हणून तुमचा मुद्दा पडत नाही. पण एखादा चौकस पोरगा पकडंल तुम्हाला.

बाकी 'उसाला खायला घालून येतो' आम्ही पण म्हणतो. ॲग्री झालो तरी.

---

खडूमास्तर | 11 फेब्रुवारी, सायंकाळी 7:00

पकडला की तुम्हीच. धन्यवाद. सव्वीस वर्षांत कुणी हे दाखवलं नव्हतं. पुढच्या वर्षी राखेचा तास बदलेन. खरं तर हाच प्रश्न करून टाकतो: युरियातलं नत्र राखेत सापडेल का? आधी अंदाज, पेनानं.

---

घटप्रभा_काठ | 11 फेब्रुवारी, रात्री 10:15

जरा वेगळं लिहितो. घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, गाव गोकाकच्या अलीकडं. सातवीपर्यंत विज्ञान म्हणजे माझ्यासाठी दुप्पट काम होतं. सरांचं वाक्य आधी मनात मराठीत आणायचं, मग कळायचं, मग उत्तर परत कन्नडात न्यायचं. तेवढ्यात सर पुढच्या मुद्द्यावर. मला मठ्ठ समजायचे. मी मठ्ठ नव्हतो, वाटेत असायचो.

पण त्याच दोन भाषांनी मला एक मजा दिली जी एका भाषेतल्या मुलांना मिळत नसावी. कन्नडात ऑक्सिजनला 'आम्लजनक' म्हणतात, हायड्रोजनला 'जलजनक', नायट्रोजनला 'सारजनक'. जलजनक म्हणजे पाणी जन्माला घालणारा. बरोबर, हायड्रोजन जळला की पाणी होतं. शब्दातच धडा. आम्लजनक म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. मी नववीत सरांना विचारलं, मग हायड्रोक्लोरिक आम्लात आम्लजनक कुठं आहे? त्यात हायड्रोजन आणि क्लोरीनच आहेत की. सर म्हणाले, नावावर जाऊ नकोस.

कॉलेजात गेल्यावर कळलं की लाव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचीच ती समजूत होती. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं धरून त्यानं 'ऑक्सिजन' हे नाव दिलं, त्याचा अर्थही आम्ल घडवणारा असाच. पुढं 1810 च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की त्या आम्लात ऑक्सिजन नाहीच. समजूत गेली, नाव राहिलं. इंग्रजीत ती चूक ग्रीक शब्दामागं लपून बसली, मराठीत आपण 'ऑक्सिजन' जसाच्या तसा घेतला किंवा 'प्राणवायू' म्हटलं, म्हणून दिसत नाही. कन्नडात ती उघड्यावर आहे. नववीतल्या पोराला सापडावी इतकी उघड्यावर.

मास्तर, तुम्ही तेव्हा माझे सर असता तर 'नावावर जाऊ नकोस' म्हणाला नसतात, असं आपलं वाटलं.

---

खडूमास्तर | 11 फेब्रुवारी, रात्री 11:40

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'वाटेत असायचो' हे डोक्यातनं जाईना.

खरं सांगू का, दुसऱ्या वर्षीच्या मास्तरानं तुम्हालाही गप्प बसवलं असतं. आता कदाचित नाही.

भाषेचं माझं उलट्या बाजूनं चालतं. वर्गात मराठी पोरं, पण बाजारात, बसमध्ये, मोबाइलवर कन्नड आहेच. मराठी पुस्तकात भौतिकशास्त्राचं 'कार्य' असतं. पोरांना कार्य म्हणजे लग्नकार्य. "भिंतीला जोर लावला आणि भिंत हलली नाही तर कार्य शून्य" म्हटलं की त्यांना तो शब्दांचा खेळ वाटतो. कन्नडात त्याला 'केलस' म्हणतात, म्हणजे काम, रोजचाच शब्द. मग तिथं उलटी अडचण, दिवसभर भिंत ढकलून घामाघूम झालेला माणूस म्हणणार 'केलस' केलं नाही कसं? मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो आणि विचारतो, घाम कुठल्या शब्दात बसतो? तास तिथंच संपतो. चाल, वेग, त्वरण यांच्या शेजारी कन्नडातले जव, वेग, वेगोत्कर्ष लिहिले की त्वरण म्हणजे काय हे मला वेगळं सांगावं लागत नाही. वेगाचा उत्कर्ष! मराठीत हा शब्द आपल्याला का सुचला नाही कोण जाणे.

---

सीमावासी_56 | 12 फेब्रुवारी, सकाळी 8:30

कन्नड शब्दांचं कौतुक पुरे. आधी आमच्या पोरांना मराठी पुस्तकं जूनमध्ये वेळेवर मिळू देत. सरकारी कागद मराठीत मिळू देत. 1956 पासून आम्ही

(उरलेला मजकूर काढला आहे.)

---

धागापाल | 12 फेब्रुवारी, सकाळी 9:10

सीमाप्रश्नाचे चार धागे उघडे आहेत, कृपया तिकडं. पुस्तकं उशिरा येण्याचा मुद्दा इथं चालेल, म्हणून पहिली वाक्यं ठेवली आहेत.

---

गणिताच्या_बाई | 12 फेब्रुवारी, दुपारी 4:45

चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात एकोणीस वर्षं गणित शिकवते. मास्तरांबद्दल आदर ठेवून थोडं कडू बोलते.

माझ्या वर्गात बावन्न मुलं. तास चाळीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत आणि पाच शांत करण्यात. प्रत्येक ट्रेनिंगला कुणीतरी येऊन सांगतं की मुलांना स्वतः शोधू द्या, तुम्ही फक्त वाट दाखवा. त्या साहेबांनी शेवटचा वर्ग कधी घेतला होता हे विचारायची सोय नसते. पोरांनी न्यूटन व्हायची वाट बघत बसू का मी? न्यूटनला सुद्धा आधीच्यांचं वाचायला मिळालं होतं. सांगणं हा काय गुन्हा आहे? नीट, क्रमानं, उदाहरणं देऊन सांगणं ही पण एक कला आहे आणि ती येणारे शिक्षक कमी होत चाललेत.

शिवाय ज्याच्या घरी शिकलेलं कुणी नाही, त्या पोराला 'तूच शोध' म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. ज्याचे आईबाप शिकलेले आहेत त्याला घरी कुणीतरी सांगतंच. मग मागं कोण राहतं?

कृती करायच्याच असतील तर पहिली ते तिसरीला नलि कलि (खेळत-कृती करत शिकायची पद्धत) आहे, तिथं ते शोभतं. दहावीला सिलॅबस पुरा करायचा असतो.

---

पुणेकर_मूळचा_टिळकवाडी | 12 फेब्रुवारी, सायंकाळी 5:30

बाईंना +१००. (किंवा +97.5)

---

खडूमास्तर | 12 फेब्रुवारी, रात्री 10:50

बाई, तुमच्याशी भांडायला आलो होतो, पण निम्म्याहून जास्त पटलं. माझीच एक फजिती सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगहून मी तापून आलो. ठरवलं, दहावीला ओहमचा नियम (व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो) सांगायचाच नाही, पोरांनी शोधायचा. अमीटर एकच, म्हणून चार दिवस गट पाडून केलं. रोधक म्हणून काय वापरलं? टॉर्चचा बल्ब. स्वस्त, दिसायला छान, पेटतो पण. एक सेल, दोन सेल, तीन, चार. पोरांनी इमानदारीनं आकडे लिहिले आणि आलेख काढला. रेघ सरळ येईना, वाकायला लागली. व्होल्टेज दुप्पट केलं तरी प्रवाह दुप्पट होईना. सगळ्या गटांचं तेच. आणि त्यांनी लिहिलं: 'नियम आढळला नाही.'

ती बरोबर होती. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, मग सरळ रेघ कशी येईल? नियमाला तापमान कायम हवं. मी चुकीची वस्तू हातात देऊन बरोबर नियम शोधायला सांगितला होता. तेव्हा माझ्यापुढं दोन वाटा होत्या. 'नीट बघा, सरळ येते' म्हणायचं, जे मी एकदा केलं होतं. नाहीतर खाली बसून सांगायचं. मी सांगितलं. सबंध तास, फळाभर, तुमच्यासारखं क्रमानं. ओहमनं 1827 मध्ये काय प्रसिद्ध केलं, तार थंड राहिली तर काय होतं, तापली तर काय. नंतर नायक्रोमची तार आणून दाखवली, रेघ सरळ आली.

आणि बाई, तो तास माझा सगळ्यात चांगला झालेला 'सांगण्याचा' तास. पोरं कान टवकारून ऐकत होती, कारण त्यांच्या वहीत एक वाकडी रेघ होती आणि ती का वाकडी आहे हे त्यांना हवं होतं. त्याच मजकुराचा तास मी आधीच्या सहा वर्षांत सहा वेळा घेतला होता. तेव्हा कुणी टवकारले नव्हते.

म्हणून माझं भांडण सांगण्याशी नाहीच. भूक लागायच्या आधी वाढण्याशी आहे. आणि ज्याच्या घरी कुणी नाही त्याच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या भांडणाच्या तासातही बोलणारी पोरं तीच पाच-सहा असतात. बाकीच्यांना मी अंदाज लिहायला लावतो ते त्यासाठीच, निदान कागदावर तरी बोलतील. पण पुरत नाही ते, दिसतंय मला.

बावन्नचा वर्ग मी घेतलेला नाही. माझ्याकडं चौतीस आहेत.

---

गणिताच्या_बाई | 13 फेब्रुवारी, सकाळी 6:55

चौतीस! मग करा प्रयोग. :) 

वाकड्या रेघेचा तास बघायला आवडला असता. माझ्याकडं पायथागोरस आहे, त्यात भूक कशी लावायची ते सांगा. खवचटपणे नाही विचारत.

---

निपाणीचा_वेदगंगी | 13 फेब्रुवारी, दुपारी 1:20

लहानपणची एक. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला गेलं की भंडाऱ्यानं कपडे पिवळेजर्द. आई घरी येऊन साबण लावायची आणि पिवळा शर्ट लालभडक! पाण्यात खळबळला की परत पिवळा. आम्हाला वाटायचं देवीचं काहीतरी. आठवीत आम्ल की आम्लारी हे रंगावरनं ओळखायच्या दर्शकांचा धडा आला, लिटमस, फिनॉल्फ्थॅलिन. शाळेत लिटमसचा कागद नव्हताच. गुरुजींनी कागदाचा फोटो दाखवला पुस्तकातला. घरी हळद होती, चुना होता, साबण होता, शर्ट होता. हळद हाच दर्शक आहे हे कुणालाच सुचलं नाही. कुंकू पण हळद आणि चुन्यातनंच करतात हे तर आजीला ठाऊक होतं.

गुरुजींना नावं ठेवत नाही. त्यांचं हस्ताक्षर मोत्यासारखं होतं आणि त्यांनी फी भरली होती माझी.

---

शेंगाचटणी | 13 फेब्रुवारी, दुपारी 2:00

सौंदत्तीहून आल्यावर आमच्याकडं पण हेच. मी तर डाग गेला नाही म्हणून साबणाला शिव्या घालायचे.

अवांतर: मास्तर, भावाला वेंगुर्ल्याला फोन केला. त्याची मुलगी नववीत आहे, तिच्या सरांकडं थर्मामीटर आहे. सोमवारी करून कळवतो म्हणाला.

---

खडूमास्तर | 13 फेब्रुवारी, रात्री 8:15

त्यांना सांगा, आधी थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवून शून्य बघायचं. आम्ही गोळेवाल्याकडनं बर्फ आणतो. शून्यच चुकीचं असेल तर वरचा आकडा काय कामाचा? आणि पारा पाण्यात नीट बुडालेला हवा, भांड्याच्या बुडाला टेकवायचा नाही. आमच्याकडं बिसीऊटाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) आक्का शेगडी देतात, पण भात उतरल्यावरच.

---

शेंगाचटणी | 17 फेब्रुवारी, रात्री 9:40

आला निकाल. शून्य बरोबर होतं. वेंगुर्ल्यात शंभरला अगदी जरासं कमी, म्हणजे पोरींना साडेनव्याण्णव आणि शंभरच्या मध्ये दिसलं. सर म्हणाले शंभर लिहा. भाची म्हणाली, आत्याच्या गावचे एक सर म्हणतात दिसलं तेच लिहायचं. सर म्हणे हसले आणि म्हणाले, लिही बाई.

---

वाचनमात्र | 17 फेब्रुवारी, रात्री 10:05

पाच वर्षं या संस्थळावर नुसता वाचतोय, आज दुसरा प्रतिसाद एकाच धाग्यावर. मास्तर, आपल्याच गावात होईल असं अजून काही आहे का? उपकरणं न लागणारं. माझा मुलगा सहावीत आहे.

---

खडूमास्तर | 18 फेब्रुवारी, सायंकाळी 6:30

आहे. काठी. बेळगावात मे महिन्याच्या 3 किंवा 4 तारखेला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता नाही, 12 वाजून 29 मिनिटांच्या आसपास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण साडेचौऱ्याहत्तरवर, त्यामुळं सूर्य आपल्याकडं उशिरा पोचतो. त्यानंतर ऑगस्टच्या 8-9 तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. बघा कुणी कधी लक्ष दिलंय का.

गंमत अशी की मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि ऑगस्टात पाऊस. म्हणून सव्वीस वर्षांत मी हे वर्गाला एकदाही दाखवलेलं नाही, नुसतं सांगितलंय. बाई, हे तुमच्या बाजूचं झालं.

यंदा सुट्टीत बोलावून बघतो. येतील तेवढी.

---

गणिताच्या_बाई | 18 फेब्रुवारी, रात्री 9:00

फॉर्मचं काय झालं?

---

खडूमास्तर | 18 फेब्रुवारी, रात्री 9:20

दिला. चार ओळींत साडेसत्त्याण्णवची गोष्ट लिहिली. मुलगी परत आली, म्हणाली, "सर, ह्यात विचार कुठं आहेत? ही तर गोष्ट आहे." खाली तिनंच लिहिलं, 'सर कृतियुक्त अध्यापनावर भर देतात.' मी सही केली.

---

खडूमास्तर | 4 मे, दुपारी 3:10

धागा वर काढतोय. काल शाळेच्या मैदानावर अकरा पोरं आली, दोन तर मामाच्या गावाहून सायकलनं. वाचनमात्रही मुलाला घेऊन आले होते, पहिल्यांदाच भेटलो. बाराला काठी रोवली. सावली आखडत आखडत चालली. साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना ढग आला. पोरांनी ढगाला मनसोक्त शिव्या दिल्या, मी ऐकलं नाही असं केलं. दोन मिनिटांत गेला.

12:29 ला काठीच्या बुडाला बोटभर सावली शिल्लक होती, पूर्वेला. मी म्हटलं, एखाद्या दिवसाचा फरक असेल, उद्या परत बघू. सहावीतला पोरगा (वाचनमात्रांचा) खाली बसून एक डोळा मिटून बघत होता. म्हणाला, "सर, काठीच वाकडी आहे."

शेजारी बांधकाम चालू होतं. गवंड्याकडनं ओळंबा आणला. काठी वाकडी होती.

---

शेंगाचटणी | 4 मे, दुपारी 3:25

मग सरळ करून बघितलीत की नाही?

---

खडूमास्तर | 4 मे, दुपारी 3:40

सरळ होईपर्यंत 12:41 झाले. आज परत गेलो तर आभाळ भरलेलं, वळवाचा पाऊस.

---

पुणेकर_मूळचा_टिळकवाडी | 4 मे, दुपारी 4:00

ऑगस्टात बघा की.

---

ऊसकरी | 4 मे, दुपारी 4:02

ऑगस्टात? बेळगावात? सूर्य?